रंगीत कारंजे : दिसणारे पाणी आणि खर्च होणारे पाणी

मोठ्या नगरांत आलेल्या प्रवाशांसाठी सायंकाळच्या सहली काढण्याची पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. दिवस मावळण्याच्या सुमारास बस निघते, दिव्यांनी उजळलेल्या इमारतींवरून प्रवाशांना फिरवून आणते, एखाद्या ठिकाणी कारंज्यांचा प्रकाशखेळ दाखविते आणि शेवटी भोजनगृहाच्या दाराशी नेऊन सोडते. स्पेन देशातील बार्सिलोना नगरात अशी सहल विशेष लोकप्रिय आहे. तेथील मोंजुइक टेकडीच्या पायथ्याशी असलेले ‘जादूचे कारंजे’ हे तिचे मुख्य आकर्षण होय.

अशा सहलीकडे केवळ करमणूक म्हणून पाहता येते. परंतु तिच्यामध्ये शास्त्रीय कुतूहलाला पुष्कळ खाद्य आहे. कारंजे अमुक वेळीच का सुरू होते? पाणी इतके उंच कसे चढते? रंगहीन पाणी लाल-निळे कसे दिसते? आणि ज्या नगराने पाण्याची तीव्र टंचाई अनुभवली आहे, तेथे हजारो लिटर पाणी हवेत उडविणे कितपत योग्य आहे? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर केवळ भावनेने देता येणार नाही. त्यासाठी हिशेब करावा लागेल. तो हिशेब करता यावा म्हणून पहिल्या तीन प्रश्नांचा विचार आधी करू.

कारंज्याचा पूर्वेतिहास

बार्सिलोना येथे १९२९ साली एक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्या प्रदर्शनासाठी कार्लेस बुइगास ह्या अभियंत्याने हे कारंजे योजिले. प्रदर्शनाच्या मुख्य मार्गाच्या टोकाशी, राष्ट्रीय प्रासादाच्या उताराखाली ते उभारण्यात आले. हाती असलेला अवधी एक वर्षाहूनही कमी होता. म्हणून तीन हजारांहून अधिक कामगार त्यावर राबत होते. १९२९ च्या मे महिन्यात त्याचे पहिले दर्शन लोकांना घडले. पुढे १९३६ ते १९३९ ह्या काळातील यादवी युद्धात त्याची नासधूस झाली आणि १९५५ साली ते पुन्हा चालू झाले. आरंभी त्यात फक्त पाणी आणि प्रकाश ह्यांचाच खेळ होता. संगीताची जोड १९८० च्या दशकात मिळाली. १९९२ साली ह्या नगरात ऑलिंपिक सामने भरले, त्यापूर्वी कारंज्याची दुरुस्ती करण्यात आली. त्याच्या साडेतीन हजारांहून अधिक तोट्या असून सर्व सामर्थ्यानिशी ते चालू असता सेकंदाला सुमारे २,६०० लिटर पाणी त्यांतून उसळते, असे सांगितले जाते.

सहलीची वेळ सूर्य ठरवितो

प्रकाशाचा खेळ अंधाराशिवाय रंगत नाही. भर दिवसा कारंज्याखाली कितीही प्रखर दिवे लावले, तरी आकाशातून येणारा उजेड त्यांच्यावर मात करतो. म्हणून खेळाची वेळ सूर्यास्तावर अवलंबून असते. बार्सिलोना सुमारे ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनच्या अखेरीस सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरात तो सायंकाळी साडेपाचच्या आतच अस्तास जातो. साहजिकच उन्हाळ्यातील आणि हिवाळ्यातील वेळापत्रके निरनिराळी ठेवावी लागतात.

रात्री साडेनऊला सूर्यास्त ही गोष्ट आपणांस चमत्कारिक वाटेल. उच्च अक्षांशामुळे तेथील उन्हाळी दिवस मोठा असतो, हे तिचे एक कारण आहे. दुसरे कारण मात्र घड्याळात दडलेले आहे. बार्सिलोनाचे रेखांश सुमारे २ अंश पूर्व, म्हणजे ते नगर जवळजवळ ग्रिनिचच्याच रेषेवर आहे. असे असूनही स्पेनने १९४० च्या मार्चमध्ये आपली घड्याळे एक तास पुढे केली आणि पुढे तो देश ग्रिनिचच्या वेळेकडे परतला नाही. आज त्याच्या मुख्य भूमीवर १५ अंश पूर्व रेखांशाची वेळ पाळली जाते. एका अंशास चार मिनिटे ह्या प्रमाणाने बार्सिलोनातील सूर्य हिवाळ्यात घड्याळाच्या सुमारे ५१ मिनिटे मागे असतो. उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे करतात, तेव्हा हे अंतर सुमारे १ तास ५१ मिनिटे होते.

आपल्या देशातही असा फरक आढळतो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे, तर द्वारका ६९ अंशांच्या जवळ आहे. त्यामुळे द्वारकेचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ५४ मिनिटे मागे असतो. म्हणजे हिवाळ्यातील बार्सिलोनाची स्थिती बरीचशी द्वारकेसारखीच असते.

स्पेनमधील लोक रात्री दहा वाजता जेवतात, ह्याचे प्रवाशांना मोठे नवल वाटते. उन्हाळ्यातील ते दहा सूर्याच्या मानाने आठच्या सुमाराचे असतात, हे ध्यानात घेतले की त्या नवलाचा मोठा भाग ओसरतो. कारंजे आणि जेवण ह्या दोहोंची सांगड एकाच सहलीत सहज बसते, तीही ह्याच कारणाने.

सूर्य मावळताच काळोख पडतो असेही नाही. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत बऱ्यापैकी उजेड राहतो. आपल्या दक्षिणेकडील प्रदेशांत सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून हा संधिप्रकाश लवकर सरतो. बार्सिलोनात तो तिरका उतरत असल्यामुळे जून महिन्यात हा काळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक भरतो. शिवाय आपल्या डोळ्यांनाही अंधाराची सवय होण्यास वेळ लागतो. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दहाएक मिनिटांत अंधाराशी जुळवून घेतात. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींना अर्धा तास किंवा अधिक लागतो. उजळ दुकानांच्या रस्त्यावरून आलेल्या प्रवाशाने खेळापूर्वी काही काळ अंधाऱ्या पायऱ्यांवर बसावे, हे म्हणूनच हिताचे असते.

पाणी वर का चढते

नळीच्या तोंडातून पाणी वर उसळावयाचे, तर त्यामागे दाब हवा. हा दाब दोन मार्गांनी मिळविता येतो. पहिला मार्ग म्हणजे पाण्याचा साठा उंचावर ठेवणे. राजस्थानातील डीग येथील राजवाड्यात, अठराव्या शतकात महाराजा सूरजमल ह्यांच्या काळापासून, असे कारंजे पाहावयास मिळते. तेथे उंचावर एक प्रचंड हौद बांधलेला आहे. पाणी वर चढवून तो हौद भरला जाई. त्याच्या भिंतींतील छिद्रांची बुचे काढली, की नळ्यांतून पाणी खाली धावे आणि बागेतील तोट्यांतून उसळी घेई.

हौद जितका उंच, तितकीच उंची पाण्याने गाठावी, असे तत्त्वतः दिसते. गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली ह्याने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे तत्त्व मांडले : छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग, तेवढ्याच उंचीवरून खाली पडणाऱ्या वस्तूच्या वेगाइतका असतो. प्रत्यक्षात नळ्यांतील घर्षण आणि हवेचा अडथळा ह्यांमुळे पाणी त्या पातळीच्या खालीच राहते.

दुसरा मार्ग पंपाचा. बार्सिलोनाच्या कारंज्यात पंप जमिनीखालील दालनांत बसविलेले आहेत. येथे उंच हौदाचे काम वीज करते. पाण्याची धार १० मीटर चढविण्यास साधारणपणे एका वातावरणाइतका जादा दाब लागतो. ४५ मीटर चढविण्यास सुमारे साडेचार वातावरणांचा.

उंची, वेग आणि वेळ ह्यांचे नाते पाहण्यासारखे आहे. हवेचा अडथळा क्षणभर विसरून स्थूलमानाने हिशेब केला, तर धार ५ मीटर उंच जाण्यासाठी तिला तोटीपाशी सेकंदाला १० मीटर वेग हवा आणि माथ्यावर पोहोचण्यास तिला १ सेकंद लागतो. २० मीटरांसाठी वेग २० मीटर आणि वेळ २ सेकंद. ४५ मीटरांसाठी वेग ३० मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०८ किलोमीटर, आणि वेळ ३ सेकंद. वेग दुप्पट केला की उंची चौपट होते आणि वेग तिप्पट केला की नऊपट, असा हा नियम आहे.

संगीताशी मेळ

ह्या नियमाचा परिणाम संगीताच्या जोडणीवर होतो. समेवर उंच धार माथ्याला भिडावयाची असेल, तर तिची झडप सम येण्यापूर्वी ३ सेकंद उघडावी लागते. लहान धारेची झडप मात्र १ सेकंद आधी उघडली म्हणजे पुरे. प्रेक्षकाला दोन्ही धारा एकाच क्षणी फुललेल्या दिसतात. यंत्राने मात्र त्यांना वेगवेगळ्या वेळी सोडलेले असते. म्हणून अशा कारंज्याचा कार्यक्रम आधी लिहून ठेवावा लागतो. ऐकू येणाऱ्या सुराबरहुकूम झडपा उघडू लागलो, तर पाणी नेहमीच उशिरा पोहोचेल.

ध्वनीचा वेगही ध्यानात घ्यावा लागतो. प्रकाश प्रेक्षकापर्यंत तत्क्षणी पोहोचतो, परंतु ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कारंज्याजवळील ध्वनिक्षेपकापासून १७० मीटर दूर, उतारावरील पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला सूर अर्धा सेकंद उशिरा ऐकू येतो. एकाच खेळाचा ताल जवळच्या आणि दूरच्या प्रेक्षकाला किंचित निराळा भासतो, तो ह्यामुळे.

पाण्याला रंग कसा येतो

शुद्ध पाण्याची गुळगुळीत धार काचेसारखी असते. प्रकाश तिच्यावर सरळ पडला, तर त्याचा शेकडा दोनच्या आसपास भाग परत फिरतो. बाकीचा आरपार निघून जातो. अशी धार बाजूने दिवा टाकूनही उजळत नाही. परंतु तिच्यात हवा मिसळली आणि ती फेसाळली, की प्रत्येक थेंबाच्या व बुडबुड्याच्या पृष्ठभागावर थोडाथोडा प्रकाश परावर्तित होतो. असे असंख्य पृष्ठभाग असल्यामुळे प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. सर्व रंग सारखेच विखुरले जात असल्याने फेस पांढरा दिसतो. समुद्राच्या लाटेचा माथा पांढरा दिसतो तोही ह्याच कारणाने. पांढऱ्या भिंतीवर जसा कोणताही रंगीत प्रकाश खुलून दिसतो, तसाच तो फेसाळ पाण्यावर खुलतो. म्हणून प्रकाशखेळाच्या तोट्या बहुधा मुद्दाम फेस उत्पन्न करतील अशा घडविलेल्या असतात.

गुळगुळीत धारही उजळविता येते. तिची युक्ती वेगळी आहे. जिनीव्हा येथील दानियेल कोलादों ह्या शास्त्रज्ञाने १८४१ च्या सुमारास ती दाखविली आणि १८४२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने पाण्याच्या टाकीला छिद्र पाडून धार वक्राकार पडू दिली आणि टाकीच्या मागील बाजूने त्या छिद्रावर प्रकाश टाकला. प्रकाश सरळ रेषेत निघून न जाता धारेबरोबरच वळला आणि ती जेथे खाली पडून फुटत होती तेथे झगमगला. पाण्यातून हवेकडे जाणारा किरण पृष्ठभागावर फार तिरपा, म्हणजे लंबाशी ४८ ते ४९ अंशांहून मोठा कोन करून आदळला, तर तो बाहेर पडू शकत नाही. संपूर्णपणे आत परततो. ह्यास संपूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. कारंज्याच्या तोटीखाली बुडवून ठेवलेल्या दिव्याचा प्रकाश ह्याच रीतीने धारेतून वर चढतो आणि धार जेथे विस्कटते तेथे बाहेर सांडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ह्या तत्त्वाचा सार्वजनिक उपयोग झाला. लंडन येथील १८८४ च्या आरोग्य-प्रदर्शनात आणि पॅरिस येथील १८८९ च्या विश्वप्रदर्शनात उजळलेली कारंजी लोकांनी गर्दी करून पाहिली.

हेच तत्त्व पुढे करमणुकीच्या पलीकडे गेले. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी ह्यांनी हॉपकिन्स ह्या आपल्या मार्गदर्शकांसमवेत १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते असे दाखवून दिले. आज दूरध्वनीचे संदेश आणि पोटातील विकार पाहणाऱ्या दुर्बिणी ज्या काचतंतूंवर चालतात, त्यांचा आणि कोलादोंच्या धारेचा वंश एकच आहे.

आता रंगांचा विचार करू. डीगच्या कारंज्यात सणासमारंभाच्या वेळी रंगाच्या पुरचुंड्या छिद्रांत ठेवीत, त्यामुळे पाणीच रंगून बाहेर येई. बुइगासने पाण्याला हात न लावता प्रकाश रंगविला. ह्या दोन रीतींत मोठा फरक आहे. रंगविलेले पाणी दुसऱ्या खेळासाठी स्वच्छ राहत नाही. प्रकाशाचा रंग मात्र दिवा विझताच नाहीसा होतो आणि पाणी होते तसेच उरते. तेच पाणी पुनःपुन्हा वापरण्याची सोय ह्यामुळेच झाली.

प्रकाशाच्या मिश्रणाचे नियमही रंगद्रव्याच्या मिश्रणाहून निराळे आहेत. लाल आणि हिरवा रंग कागदावर मिसळले तर मळकट तपकिरी रंग होतो. लाल आणि हिरवा प्रकाश मिसळला तर पिवळा होतो. तांबडा, हिरवा आणि निळा ह्या तीन प्रकाशांचे प्रमाण बदलून जवळजवळ सर्व रंग निर्माण करता येतात. पूर्वी पांढऱ्या दिव्यापुढे रंगीत काच धरीत. लाल काच लाल प्रकाश सोडून बाकीचा शोषून घेई आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. एलईडी दिवा लाल प्रकाशच निर्माण करतो, म्हणून तो पुष्कळ कमी विजेवर चालतो. निळा एलईडी बनविणे फार काळ जमले नव्हते. तो बनविणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तेच पाणी पुन्हा वर

कारंज्याच्या पाण्याविषयी एक गैरसमज दृढ झालेला आहे. सेकंदाला २,६०० लिटर हा आकडा ऐकला, की तेवढे पाणी दर सेकंदाला नाहीसे होते असे वाटते. वस्तुतः खाली पडलेले पाणी तळ्यात जमते, गाळण्यांतून जाते आणि पंप ते पुन्हा वर फेकतो. रहाटगाडग्याने काढलेले पाणी पुन्हा त्याच विहिरीत पडावे, असाच हा प्रकार आहे.

तरीही काही पाणी खरोखरच जाते. एक भाग वाफ होऊन जातो. दुसरा वाऱ्याने उडतो. थेंब जितका लहान, तितका तो सावकाश खाली येतो. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पडतो. २० मीटर खाली येण्यास त्याला ५ सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला ३ मीटर वाहणारा वारा त्याला १५ मीटर दूर नेतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका थेंब सेकंदाला पाव मीटरच्या आसपास उतरतो. तो तर मिनिटाहून अधिक काळ तरंगत राहून दोनशे मीटर पलीकडे जाईल, किंवा वाटेतच वाफ होऊन जाईल. म्हणून चांगल्या कारंज्यांना वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र जोडतात. वारा वाढताच धारांची उंची आपोआप उतरते.

फिरत्या पाण्याला निर्मळ राखणे हेही तितकेच आवश्यक असते. २० ते ४५ अंश सेल्सियस तपमानाच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात आणि बारीक तुषारांबरोबर श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन न्यूमोनियासारखा आजार आणतात. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे उद्भवलेल्या साथीनंतर ह्या जंतूंचा शोध लागला. म्हणून सार्वजनिक कारंज्याचे पाणी गाळणे, त्यात जंतुनाशक घालणे आणि त्याची नियमित तपासणी करणे अगत्याचे असते.

हिशेब काय सांगतो

आता प्रारंभी मांडलेल्या प्रश्नाकडे वळू. समजुतीसाठी काही आकडे गृहीत धरू; ते प्रत्यक्ष मोजमापाचे नाहीत, हे ध्यानात असू द्यावे. खेळ २० मिनिटे चालला; तोट्यांतून सरासरीने सेकंदाला १,००० लिटर पाणी गेले; त्याचा शंभरावा हिस्सा वाऱ्याने आणि वाफेने नाहीसा झाला; आणि तो खेळ ३,००० लोकांनी पाहिला. एकूण १२ लक्ष लिटर पाणी उसळले. त्यापैकी १२,००० लिटर खर्च झाले. माणशी ४ लिटर!

विजेचाही असाच हिशेब करता येतो. ते पाणी सरासरी १० मीटर चढविण्यास सुमारे ९८ किलोवॅट शक्ती लागते. पंपांतील घट धरून १४० किलोवॅट समजू. वीस मिनिटांत ४७ युनिट वीज लागेल. माणशी तिचा वाटा १० वॅटचा एक दिवा दीड तास जाळण्याइतका होतो. दिव्यांची वीज ह्याहून निराळी मोजावी लागेल.

आता त्याच सहलीतील जेवणाचे ताट पाहू. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर पाएया हा भाताचा प्रकार प्रसिद्ध आहे. भात तेथे अरबांनी नेला. तांदळाला असलेला ‘आर्रोस’ हा स्पॅनिश शब्दही मूळ अरबीच आहे. बार्सिलोनाच्या दक्षिणेस एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात नदीच्या पाण्यावर भातशेती होते. एखादा पदार्थ पिकविण्यापासून तयार होईपर्यंत त्यासाठी किती पाणी लागले, हे मोजण्याची ‘जलपदचिन्ह’ ही कल्पना आर्येन हूक्स्त्रा ह्या डच शास्त्रज्ञाने २००२ साली मांडली. तिच्या मापाने एक किलोग्रॅम तांदळास जागतिक सरासरीने सुमारे २,५०० लिटर पाणी लागते. एका ताटात १०० ग्रॅम तांदूळ धरला, तर त्यामागे २५० लिटर पाणी आहे. त्यावर १०० ग्रॅम कोंबडीचे मांस आले, तर आणखी ४०० लिटरांहून अधिक.

ह्या तुलनेत थोडी सावधगिरी हवी. ताटातील पाण्याचा बराच भाग शेतावर पडलेल्या पावसाचा असतो आणि तो नगराच्या नळातून आलेला नसतो. शिवाय अन्न ही गरज आहे, कारंजे ही हौस आहे. तरीही आकड्यांतील अंतर बोलके आहे. डोळ्यांसमोर उसळणाऱ्या पाण्याने आपण दचकतो. परंतु त्याच सायंकाळी ज्याचा कितीतरी पटींनी अधिक व्यय झाला, ते पाणी ताटात भाताच्या रूपाने समोर असूनही आपणांस दिसत नाही. ताटात टाकून दिलेला मूठभर भात कारंज्यातील आपल्या वाट्यापेक्षा अधिक पाणी वाया घालवितो.

मग कारंजे बंद का केले

कॅटलोनिया प्रांतात २०२१ पासून पावसाने दीर्घकाळ ओढ दिली. बार्सिलोनास पाणी पुरविणाऱ्या जलाशयांतील साठा १६ टक्क्यांच्या खाली गेला आणि १ फेब्रुवारी २०२४ रोजी आणीबाणी जाहीर करण्यात आली. सर्व वापर धरून माणशी दररोज २०० लिटरांची मर्यादा घालण्यात आली. ह्यापूर्वी २००८ सालच्या दुष्काळात ह्या नगराने जहाजांतून पिण्याचे पाणी आणविले होते आणि २००९ पासून समुद्राचे पाणी गोडे करणारा मोठा कारखाना तेथे चालू आहे. इतकी तयारी असूनही टंचाई जाणवलीच. दुष्काळाच्या ह्या काळात जादूचे कारंजे बंद ठेवण्यात आले आणि ते २०२५ साली पुन्हा सुरू झाले.

कारंज्याचा खर्च इतका अल्प असेल, तर ते बंद करण्यात काय अर्थ होता, असे कोणी विचारील. अर्थ दुहेरी होता. उडून गेलेले पाणी दररोज भरून काढावे लागते. माणशी चार लिटर ही रक्कम लहान असली, तरी बारा हजार लिटर म्हणजे दोनशे लिटरांच्या मर्यादेत साठ माणसांचे दिवसाचे पाणी होते. दुसरे असे, की ज्या नागरिकाला बागेस पाणी घालण्याची मनाई आहे, त्याच्यासमोर नगरपालिकेने पन्नास मीटर उंच धारा उडविल्या, तर काटकसरीच्या आवाहनावर त्याचा विश्वास बसणार नाही. टंचाईच्या काळी आकड्यांइतकाच परस्परांवरील विश्वासही जपावा लागतो. मात्र कारंजे थांबविल्याने दुष्काळ हटला, असे कोणी समजू नये. शेतीतील पाण्याची बचत, गळक्या नळांची दुरुस्ती आणि वापरलेल्या पाण्याचे शुद्धीकरण ह्यांतूनच मोठी रक्कम हाती लागते.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

एक पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. तळापासून चार बोटे वर, बाजूला पेन्सिलीच्या टोकाइतके गुळगुळीत छिद्र पाडावे. छिद्रावर बोट ठेवून बाटली पाण्याने भरावी आणि खोलीत अंधार करावा. छिद्राच्या बरोबर विरुद्ध बाजूने विजेरीचा झोत टाकून बोट काढावे. धार वक्राकार पडू लागेल आणि प्रकाश तिच्यातून वळत जाईल. धारेखाली तळहात धरला, तर त्यावर उजेडाचा ठिपका पडेल. विजेरीवर लाल किंवा हिरवा पारदर्शक कागद लावून पाहावे.

प्रयोगापूर्वी बाटलीतील पाणी मापाने मोजून घ्यावे. खाली परात ठेवावी आणि प्रयोग संपल्यावर परातीतील पाणी, तसेच बाटलीच्या तळाशी उरलेले पाणी, पुन्हा मोजावे. किती पाणी परत मिळाले आणि किती बाहेर उडाले, हे वहीत टिपून ठेवावे. नंतर त्याच दिवशी दुपारच्या जेवणात वर्गातील मुलांनी टाकलेला भात शिजवलेल्या स्थितीत तोलावा. शिजवताना तांदळाचे वजन साधारण अडीच ते तीनपट होते. त्यावरून मूळ तांदूळ किती हे काढून, ग्रॅमला अडीच लिटर ह्या मानाने त्यातील पाण्याचा हिशेब करावा. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, म्हणजे दिसणारे पाणी आणि खर्च होणारे पाणी ह्यांतील भेद निराळा समजावून सांगावा लागणार नाही.